आत्याबाईंनी सोडलेला डोंगर

मला राग लवकर येतो आणि जायला फार वेळ लागतो. मंगळवार पेठेत हे सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेच्या शाळेत मी शिकवते, तिथली पोरं मला टरकून असतात आणि मंडईतली भाजीवाली मला बघितलं की तराजू नीट धरते. पण या सगळ्या रागांत मोठा राग आहे तो माझ्या सासूबाईंवर, धोंडुबाईंवर. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं तरी तो कमी झालेला नाही. आणि त्यांच्यावर रागवायचं म्हटलं की सयाजींवरही रागवावं लागतं, कारण मायलेक एकाच मातीचे.

सयाजी माझे मालक. उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर कामाला. आठवडाभर लोखंड घासायचं आणि रविवारी डोंगर तुडवायचा, असा माणूस. रविवार उजाडला की त्यांचा दोस्त पिराजी दारात स्कूटर आणून उभा. तो कधी हाक मारत नसे, नुसता हॉर्न दाबून धरायचा, तेवढ्यानं सगळी गल्ली जागी व्हायची. मग दोघं जायचे पन्हाळ्याला, मसाई पठारावर, विशाळगडाला, भुदरगडाला, आणि सगळ्यात लाडका म्हणजे गगनबावडा. संध्याकाळी परत यायचे ते चिखलानं माखून, हातापायांवर ओरखडे घेऊन, आणि चेहऱ्यावर असलं समाधान की बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. इकडं घरात आठवड्याची धुणी पडलेली, आमच्या शिवानीचा अभ्यास, आत्याबाईंच्या म्हशींचं शेण, आणि हा बाबा कुठल्या तरी कड्यावर वारा खाऊन आला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा मीही त्यांच्याबरोबर गगनबावड्याला गेले होते. धुकं इतकं की स्वतःचा हात दिसेना. साडी भिजून जड झालेली, चपलेचा अंगठा तुटलेला. यांनी मला कड्याच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "बघ, हितनं सगळं कोकण दिसतंय."

"कुठं दिसतंय?"

"आता दिसत न्हाय. पर हाय की तिथं."

आणि लहान पोरासारखे खूश होऊन हसले. मी काही पुन्हा गेले नाही.

अठ्ठ्याण्णव साली, मार्चमध्ये, एका सोमवारी भर दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. डोंगरावर नव्हे, कारखान्यात. पत्र्याच्या शेडखाली, उकाड्यात, डबा खाऊन पुन्हा लेथपुढं उभं राहिल्यावर. हे मी मुद्दाम सांगते, कारण संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी फिरली ती अशी, की सयाजीला डोंगरानं खाल्लं. ते दिवसभर विड्या ओढायचे, त्याचं नाव कुणी काढलं नाही. आठवड्यातून तीनदा मटण हाणायचे, त्याचं नाव नाही. त्यांचे वडील असेच छातीला हात लावून गेले होते, त्याचंही नाव नाही. जो माणूस बघायला यायचा तो मान हलवून म्हणायचा, "एवढं चढायचं म्हणजे..." मला एकेकाचं मुंडकं धरून त्या कारखान्यात न्यावंसं वाटायचं.

कोल्हापुरातून त्यांना मिरजेला हलवलं. डॉक्टरांनी सांगितलं, शीर बंद झाली आहे, लगेच उघडावी लागेल, धोका आहे. सह्या झाल्या, यांना आत नेलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं आत्याबाई उठल्या. फरशी पुसणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "बाई, कोल्हापूर कुठल्या अंगाला गं?" तिनं पोछ्याची काठी उचलून एका भिंतीकडं दाखवलं. आत्याबाई त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या, दोन्ही हातांत पदर धरला, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोतिबा, माझ्या लेकराला उठवून बसीव. त्याच्या जिवाबदली त्याचा डोंगर तुझ्या पायाशी ठेवला. आजपास्नं त्यानं डोंगर सोडला. पुन्यांदा पाऊल घालायचा न्हाय."

आमच्याकडं घरावर संकट आलं की बाया देवापुढं काहीतरी सोडतात. कुणी वांगं सोडतं, कुणी पायात चप्पल घालायचं सोडतं. जी गोष्ट जिवाची, तीच सोडायची, म्हणजे देवाला खरं वाटतं. पण सोडायची ती स्वतःची. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवाला वाढायचं हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्या घटकेला मी तोंड उघडलं नाही. मला नवरा पाहिजे होता, देवाला काय पाहिजे ते त्यानं न्यावं, एवढंच डोक्यात होतं.

नवरा मिळाला. डॉक्टरांनी वाचवला असं मी म्हणायची, जोतिबानं वाचवला असं आत्याबाई म्हणायच्या, आणि गल्ली अर्थातच त्यांच्या बाजूनं.

घरी आणल्यावर आठ-दहा दिवसांनी पिराजी भेटायला आला. सयाजी उशीला टेकून बसले होते, तोंड सुकलेलं, पण डोळ्यांत जान आलेली. म्हणाले, "पिराजी, औंदा पावसाळ्याचं जमंल असं वाटत न्हाय. दिवाळी झाली की जाऊ गगनबावड्याला."

आत्याबाई वाटीत मुगाची खिचडी घेऊन आल्या होत्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "डोंगर आता न्हाय. देवाला दिलाय."

यांना वाटलं थट्टा आहे. "कुणाचा डोंगर?"

"तुझा."

"माझा, आन् दिलास तू?"

"व्हय. दिला म्हणून तर बसलायस हितं."

त्यांनी ती वाटी भिंतीवर फेकून मारली. तोवर आमच्या घरात रागवायचं काम माझ्याकडं होतं. सयाजी म्हणजे कुणी पायावर पाय दिला तरी "ऱ्हाऊ द्या" म्हणणारे. त्या दिवशी त्यांचा आवाज ऐकून पिराजी गपचूप चप्पल घालून निघून गेला. आत्याबाईंनी शांतपणे भिंतीवरची खिचडी पुसली आणि म्हणाल्या, "माझ्यावर वरड. पर मोडू नगंस. देवाचं मोडलं तर देव तुला न्हाय धरायचा, पोरीला धरंल."

शिवानी तेव्हा दहावीला होती. दारात उभी राहून ऐकत होती. सयाजींनी तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. सगळा मामला तिथंच संपला. देवावर त्यांचा विश्वास किती होता ते त्यांनाच माहीत, पण पोरीचं नाव घातल्यावर बापानं काय करायचं? ही आत्याबाईंची हुशारी. या हुशारीचा मला आजही संताप येतो.

पुढची पाच वर्षं तो माणूस बसून राहिला. कारखान्यात हलकं काम दिलं, संध्याकाळी घरी आले की टीव्हीपुढं. विड्या सुटल्या, मटण सुटलं, तरी पोट सुटत गेलं. साखर लागली. जिना चढताना मध्ये थांबायला लागले. आणि तोंड असं झालं की बोलायची सोय नाही. भाजीत मीठ कमी म्हणून आदळआपट, पेपर उशिरा आला म्हणून शिव्या, गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात म्हणून चेंडू जप्त. रविवारी सकाळी रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायचे. पिराजी दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जायचा आणि स्कूटर मुद्दाम पलीकडच्या गल्लीतनं काढायचा, पण हॉर्न दाबायची सवय त्याला सोडवायची नाही. तो हॉर्न लांबून ऐकू आला की हे उठून टीव्हीचा आवाज मोठा करायचे.

दोन हजार तीनमध्ये त्यांना दम फार लागायला लागला, तेव्हा मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर नवीन होता, वयानं आमच्या शिवानीपेक्षा थोडा मोठा. त्यानं यांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं, तारा लावून कागद काढले, पुन्हा पुन्हा बघितले. मग विचारलं, "काका, पूर्वी व्यायाम काय करायचा?"

"डोंगर चढत हुतो."

"मग सोडला का?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "यांनी नाही सोडला. यांच्या आईनं सोडला."

डॉक्टरला काही कळलं नाही. तो म्हणाला, "हृदय बसून बसून मऊ झालंय. हळूहळू चालायला लागा. आधी सपाटीवर, मग थोडा चढ, जमेल तसं पुढं. एकट्यानं जायचं नाही, जिभेखालची गोळी खिशात पाहिजे, आणि दुखलं की जागेवर थांबायचं. पण असेच बसून राहिलात तर मी काही सांगू शकत नाही."

रिक्षात बसल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ज्यानं जीव वाचेल तेच सोडायला लावून आत्याबाई पाच वर्षं त्याचा जीव राखत बसल्या होत्या. मी म्हटलं, "उद्यापासनं चालायचं."

"आन् आये?"

"त्यांचं मी बघते."

सुरुवात रंकाळ्याच्या काठानं केली. मग एके दिवशी टेंबलाईच्या टेकडीला गेलो. कोल्हापुरातली ती एवढीशी टेकडी, म्हाताऱ्याकोताऱ्या बाया पुजेची ताटं घेऊन चढतात. निम्म्या पायऱ्यांवर सयाजी बसले. तोंड राखेच्या रंगाचं, घाम निथळतोय. मी गोळी काढली तर माझा हात झटकला. "दुखत न्हाय. नुसता दम हाय. बसू दे." शेजारून एक बाई नातवाला कडेवर घेऊन टणाटणा वर गेली. सयाजी तिच्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःखाचं नव्हे. दात आवळलेले होते, मूठ गुडघ्यावर आपटत होते. "विशाळगडाला मी पाठीवर पाण्याचा कॅन घिऊन चढलोय," म्हणाले. "आन् ह्या टेंबलाईला मला बसाय लागलं." मी त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला. थोड्या वेळानं उठले आणि उरलेल्या पायऱ्या चढले.

त्यानंतर पिराजी परत यायला लागला. दोघं पहाटेच टेंबलाईला जाऊन कामाच्या वेळेआधी परत यायचे. आत्याबाईंना सांगितलं होतं, डॉक्टरनं फिरायला सांगितलंय. पावसाळ्यापर्यंत यांची साखर उतरली, पट्टा दोन भोकं आत गेला, आणि एक दिवस भाजीत मीठ कमी असूनही ते मुकाट जेवले.

पण पेठेत काही लपून राहतं का? आत्याबाई म्हशींचं दूध घेऊन रोज संध्याकाळी कट्ट्यावर विकायला जायच्या. तिथं बयाबाई म्हणून एक दूध घ्यायला येणारी होती, तिनं कौतुकानं सांगितलं, "तुमचा सयाजी काय चढतुय हो टेंबलाई! पोरांस्नी मागं टाकतुय." आत्याबाई तशाच दुधाची किटली घेऊन घरी आल्या. निम्मं दूध विकायचं राहिलेलं.

"डोंगर चढलास?"

"टेकडी हाय ती," सयाजी म्हणाले. "टेंबलाईला कोण डोंगर म्हणतंय?"

"देवाला फसवतोस? देवाला काय उंची कळत न्हाय व्हय?"

"आये, डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टरनं न्हाय वाचीवलं तुला!"

मग जे भांडण झालं ते सगळ्या बोळानं ऐकलं. मीही सोडलं नाही, पाच वर्षांचं साठलेलं बाहेर काढलं. शेवटी सयाजी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुला माझं द्यायचा अधिकार कुणी दिला? द्यायचं हुतं तर तुझं द्यायचं हुतंस!"

आत्याबाईंनी किटली खाली ठेवली. त्यांचा आवाज उतरला.

"माझं काय ऱ्हायलं हुतं रं? तुझ्या बापाच्या दुखण्यात मटान सोडलं. तुझी बहीण बाळंतपणात मोकळी हुईना, तवा च्या सोडला. तुला नोकरी लागंना, तवा गादीवर निजायचं सोडलं. ह्या शिवानीच्या काविळीला आंबा सोडला. त्या दवाखान्यात मी मनात समदं हुडकलं. सोडाय कायबी न्हवतं. तुझा डोंगर तेवढा दिसला."

मी त्या घरात इतकी वर्षं नांदत होते आणि मला वाटायचं, आत्याबाईंना चहा आवडत नाही. रोज सकाळी मी सगळ्यांचा चहा करायची, त्यांचा नाही करायची, आणि कधी विचारलंही नव्हतं. खाली चटईवर निजतात ती म्हातारपणाची खोड म्हणून मी सोडून दिलं होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि हेही मला तेव्हा रागच आणणारं वाटलं. सांगायचं ना! एवढं सगळं पोटात ठेवून लोकांना उपकाराखाली कशाला पुरायचं?

सयाजींना मात्र ते ऐकूनही दया आली नाही. म्हणाले, "मग मरू द्यायचं हुतंस. असं बसवून ठेवण्यापरीस मेलेलं बरं."

आत्याबाईंनी फाडकन त्यांच्या मुस्काटात दिली. पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या लेकाच्या. आणि म्हणाल्या, "उद्या ऐतवार हाय. जोतिबाला जायाचं. तुझा डोंगर मागून घेतो मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. जोतिबाच्या देवळापर्यंत वर एसटी जाते, पण आत्याबाई पायथ्यालाच उतरल्या. "मागाय जायाचं तर चालत," म्हणाल्या. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. पुढं त्या, मागं सयाजी, शेवटी मी. सयाजींनी एकदा कुजकटपणे विचारलं, "हा डोंगर चालतुय व्हय?" त्या मागं न बघता म्हणाल्या, "मागाय चाललोय तंवर चालतंय." त्यानंतर दोघांचंही तोंड बंद. दोघांनाही दम लागला होता, दोघांच्याही माना घामानं भिजल्या होत्या, पण आधी कोण बसतंय याचीच चुरस लागल्यासारखी. मी मागून ओरडले, "अवो, बसा की जरा! दोघं बी मरशीला हितं!" तेव्हा दोघं एकदमच बसले, दोन वेगळ्या दगडांवर, एकमेकांकडं पाठ करून. सयाजींनी पाण्याची बाटली माझ्याकडं दिली आणि डोळ्यांनी आत्याबाईंकडं दाखवलं. आत्याबाईंनी पाणी घेतलं, बाटली पुसून परत सयाजींच्याच हातात दिली. "बाटली नीट धर, पडंल," म्हणाल्या. आत्याबाई लेकाशी बोलल्या ते शेवटचं वाक्य, हे तेव्हा कुणाला माहीत?

देवळात गर्दी होती, पायाखाली गुलाल. आत्याबाईंनी गाभाऱ्यापुढच्या गुरवाला विचारलं, "देवाला दिल्यालं परत मागता येतंय का?" त्याला पुढची रांग हलवायची घाई. म्हणाला, "मागा की. पर रिकाम्या हातानं मागू नगा, आज्जी." त्यांनी मान डोलावली. डोळे मिटून हात जोडून उभ्या राहिल्या. मागची माणसं ढकलत होती तरी हलल्या नाहीत. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. मिरजेला सगळ्या दवाखान्याला ऐकवलं होतं, इथं मी शेजारी असून मला एक शब्द कळला नाही. मग गुलालाचं बोट कपाळाला लावून बाहेर आल्या.

सयाजी ओवरीत थांबले होते. "काय म्हणालीस देवाला?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "आक्काताय, त्याला सांग, डोंगर मिळाला. जा म्हणावं खुशाल."

"आये, मी हितंच हाय की. मला सांग."

"आक्काताय, त्याला म्हणावं, एष्टीची येळ झाली."

मी विचारलं, "आत्याबाई, काय सोडलंसा?"

"त्याच्याशी बोलायचं," त्या म्हणाल्या. "जिवाचं असंल तेच द्याय लागतंय. तेवढंच ऱ्हायलं हुतं."

सयाजी एसटी स्टँडवर ओरडले, पारावरच्या लोकांनी माना वळवल्या. ते म्हणाले, नको मला डोंगर, परत घे शब्द. ते म्हणाले, मी जाणारच नाही, मग कशाला बोलत नाहीस? आत्याबाई खिडकीजवळच्या सीटवर बसून बाहेर बघत राहिल्या. मी दोघांवर चिडले. देवावर तर इतकी चिडले की प्रसादाचं खोबरं हातात होतं ते तसंच खिडकीतून टाकून दिलं.

आठवडाभर वाट बघून सयाजी रविवारी मसाई पठाराला गेले, ते हट्टानं. "तिनं येवढं देऊन घेतलाय, मग वापरू नको व्हय?" म्हणाले. परत आले तेव्हा आत्याबाई दारात उभ्या होत्या. यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, हातपाय धड आहेत ना ते बघितलं, आणि आत वळून मला म्हणाल्या, "त्याला सांग, पाय धू म्हणावं. चिखल आणलाय."

हे असं पाच वर्षं चाललं. मी म्हणजे दोघांच्या मधली टपालपेटी. "त्याला सांग, गोळी घेतली का?" "त्याला सांग, पोटात आग पडली असंल, आधी भाकरी खा." सयाजी समोर ऐकत असायचे आणि तरी मी ते पुन्हा म्हणायची वाट बघितली जायची. मी म्हटल्याशिवाय आत्याबाईंना समाधान नाही, कारण नाही म्हटलं तर ते लेकाशी थेट बोलणंच झालं असतं. एकदा मी संतापून सांगितलं, आजपासनं मी कुणाचा निरोप पोचवणार नाही. तर आत्याबाई गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलायला लागल्या, यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आज पाऊस लई हाय बाई. रेनकोट न्यायला पायजे बाई." दोन दिवस हे ऐकून मीच शरण आले.

सयाजींनी काय काय केलं नाही? गोड बोलून बघितलं. शिव्या देऊन बघितलं. गगनबावड्याच्या वाटेवरनं पानांच्या द्रोणातून करवंदं आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकेक करून सगळी खाल्ली आणि म्हणाल्या, "आक्काताय, त्याला सांग, आंबट हायती."

डोंगर पहिल्यासारखा राहिला नव्हता. चढताना दर वळणावर थांबायचं, गोळीची डबी खिशात चाचपायची, कधी छातीत गच्च वाटलं तर निम्म्यातून परत यायचं. पिराजी मला सांगायचा, "वैनी, वर गेलं की पैल्यासारखा हसत न्हाय. कड्यावर हुबा ऱ्हाऊन शिव्या देतुय." कुणाला, विचारलं तर म्हणायचा, "समद्यास्नी." पण तब्येत सुधारली हेही खरं. डॉक्टर दरवेळी कागद बघून पाठ थोपटायचा. मला त्या डॉक्टरला विचारावंसं वाटायचं, तुझ्या कागदात आमच्या घराचं काही येतं का?

शिवानीचं लग्न होऊन ती हातकणंगल्याला गेली. म्हशी विकल्या. दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. किडन्या काम करीनात. दवाखान्यात ठेवू नका, घरी न्या, असं त्यांनीच सांगितलं. पहिल्यांदाच त्यांना आम्ही गादीवर निजवलं, तर हातानं गादी ढकलत राहिल्या. शेवटी मी पुन्हा चटई अंथरली.

सयाजी दिवसभर त्यांच्याजवळ बसायचे. पाय दाबायचे, चमच्यानं पाणी पाजायचे. एका दुपारी त्यांनी आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आये, मी डोंगर सोडतो. मनापासनं सोडतो. देवाला परत देतो. आता तरी बोल."

आत्याबाईंनी डोळे उघडले. दुसरा हात उचलला आणि त्यांच्या डोक्यावरून फिरवला, कपाळावरून गालापर्यंत, पुन्हा पुन्हा. मग तोंड माझ्याकडं वळवलं.

"आक्काताय, त्याला सांग. डोंगर चुकवायचा न्हाय. लई म्हागात पडलाय."

"मला सांग की गं!" सयाजी ओरडले. जमिनीवर मूठ आपटली. "हितं बसलोय न्हवं मी तुझ्याम्होरं! मला सांग!"

त्या माझ्याकडंच बघत होत्या. वाट बघत होत्या. माझं डोकं संतापानं फुटायची वेळ आली होती. म्हातारी मरायला टेकली तरी व्यवहाराला चुकत नव्हती, आणि त्या देवालाही एवढ्याशा गोष्टीत डोळा झाकता येत नव्हता. पण त्या डोळे मिटेनात. मी म्हटलं, "अवो, त्या म्हणतात, डोंगर चुकवायचा नाही."

आईचा हात त्यांच्या गालावर तसाच होता. मग ते तिच्याकडं बघतच मला म्हणाले, "तिला सांग, जातो म्हणून."

मी आत्याबाईंकडं वळले आणि सांगितलं, "जातो म्हणतात."